अकराची इस्त्री

मावशीच्या दुकानात कापड बेतायच्या लांब टेबलाखाली, चिंध्यांच्या टोपलीला पाठ लावून, एक राखाडी डबा अकरा वर्षं घुमत होता. वर कात्री करकरायची, खाली डबा गुणगुणायचा. मावशी म्हणायची, "दोघांचं छान जमतं. एक कापते, एक आठवण ठेवतो."

आठवण कशाची, तर 'बेतणी'ची. बेतणी हे शिंप्यांसाठीचं सॉफ्टवेअर. छाती, खांदा, कंबर अशी मापं घातली की कॉलरपासून बाहीपर्यंत सगळे तुकडे आखून देणारं. मी कॉलेजात असताना मावशीसाठीच ते लिहायला घेतलं होतं, कारण तिचा उजवा खांदा दुखायचा आणि कागदावर वाकून आखणं तिला जड जायला लागलं होतं. लिहिलं आणि मोकळं सोडून दिलं. कुणीही वापरा, कुणीही उघडून बघा, चुकलं असेल तर दुरुस्त करून परत आणून द्या. आणि मग सावरीच्या शेंगेतून उडालेल्या म्हातारीसारखं ते कुठे कुठे जाऊन रुजलं. कधी न पाहिलेल्या गावांतले शिंपी त्यावर सदरे बेतू लागले. कधी न भेटलेली तीसएक माणसं माझ्याबरोबर ते लिहू लागली.

या तीस जणांचा एक शिरस्ता होता. प्रत्येकाने शिवणाच्या डब्यातलं एक नाव घ्यायचं. मी दोरा. एक टाचणी होती, एक खडू, एक बॉबिन. सगळ्यांच्या दुरुस्त्या येऊन जमायच्या त्या टेबलाखालच्या डब्यात. भारदस्त भाषेत त्याला सर्व्हर म्हणतात. मावशी डबाच म्हणायची, मग सगळेच डबा म्हणू लागले.

डब्याला एकच खोड होती. रोज सकाळी अकराला तो बंद पडायचा. अकराला मावशीची इस्त्री लागायची, आणि दुकानाची वायर इतकी जुनी की इस्त्री आणि डबा एकदम लावले तर फ्यूज उडायचा. मावशी आधी डब्याचं बटण बंद करायची, मग इस्त्रीचं चालू. अर्धापाऊण तास सगळीकडच्या पडद्यांवर एकच पाटी: 'इस्त्री चालू आहे.' तेवढ्यात कुणी झाडांना पाणी घालायचं, कुणी कुत्र्याला फिरवून आणायचं. टाचणीने एकदा लिहिलं होतं, "माझ्याकडे संध्याकाळ झाली हे मला घड्याळ सांगत नाही, तुमच्या मावशीची इस्त्री सांगते."

इस्त्री आटोपली की मावशी डबा लावायची. पडद्यावर एक प्रश्न यायचा, 'कालचं काम पुढे पाठवू?' आणि खाली 'हो' आणि 'नाही'. पहिल्या वर्षी मीच तो घातला होता आणि मावशीला सांगून ठेवलं होतं, 'हो' दाबायचं. 'हो' दाबलं की आदल्या दिवसाच्या दुरुस्त्या सगळ्या शिंप्यांपर्यंत जायच्या. क्वचित कधी नाही जायच्या. तेव्हा आम्ही म्हणायचो, आज डबा रुसला. दुसऱ्या दिवशी राग गेलेला असायचा.

असं सगळं बरं चाललेलं असताना टाचणीचं पत्र आलं.

टाचणी ही एका मोठ्या इस्पितळातली यंत्रं सांभाळणारी बाई. तिच्याकडे यंत्र बंद पडलं तर माणूस जातो. ती कमी बोलायची, आणि बोलली की टोचायचं.

"मंडळी," तिने लिहिलं होतं, "इतक्या शिंप्यांचं काम आपण एका इस्त्रीच्या मर्जीवर ठेवलं आहे. एक मोठी कंपनी आपल्याला जागा द्यायला तयार आहे. फुकट, चोवीस तास, थंडगार खोलीत, दोन-दोन पहारेकऱ्यांसकट. डबा हलवूया."

झालं. मोहोळाला खडा लागला.

"कंपनी आज जागा देईल, उद्या म्हणेल आमच्याच पसंतीची बटणं लावा," बॉबिन म्हणाला.

"मावशी तरी कुठे विचारते? सरळ बंदच करते," टाचणी म्हणाली.

"मावशी आपली आहे."

"आपली आहे म्हणूनच म्हणते," टाचणी म्हणाली. "आपल्या माणसाला ताप आला तर? दुकानात पाणी शिरलं तर? उंदराने वायर खाल्ली तर?"

"आमच्या गावच्या वाचनालयात ठेवा," खडू म्हणाला. हा गणवेश शिवणारा शिंपी, आमच्यातला मावशीखेरीज एकच खरा सुईदोऱ्याचा माणूस. "तिथे उंदीरसुद्धा वाचत बसतात, खात काही नाहीत."

आठवड्यात दीडशे पत्रं झाली. शेवटी ठरलं ते असं, की आठ दिवस बेतणी कंपनीच्या यंत्रावर चालवून बघायची, आणि पुढच्या शनिवारी सगळ्यांनी हात वर करून काय तो निकाल लावायचा.

मावशीला सांगायचं काम माझ्याकडे आलं. संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर दुकानात गेले. काका कोपऱ्यात चष्मा नाकाच्या शेंड्यावर ठेवून बटणं लावत होते.

"मावशी, डबा हलवायचा म्हणतायत."

कात्री थांबली नाही. "कुठे?"

"लांब. एका कंपनीच्या खोलीत. कधी बंदच पडणार नाही."

"न्या की. मला टोपली आत सरकवता येईल."

"टोपली सरकवायला अकरा वर्षं थांबली होतीस होय?" काका म्हणाले.

"तुम्ही बटणं लावा. परवाच्या शर्टाला चार भोकांतली तीनच शिवलीत."

मग ती खाली बसली. फलाटीनचा एक मऊ तुकडा घेऊन तिने डब्याची पाठ पुसली, कडा पुसल्या, बटणाभोवतीची धूळ नखाने काढली. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "मग तिकडे इस्त्री कोण करणार?"

मी हसले. "अगं, तिकडे इस्त्री लागत नाही."

"असं," मावशी म्हणाली.

त्या 'असं'मध्ये धागा तुटल्याचा आवाज होता. मला वाटलं ते एवढंच, की त्या तीस माणसांशी हिला बांधणारं ते एकच बटण आहे. ती त्यांच्यासारखं लिहीत नाही, तिला शिवणाच्या डब्यातलं नाव नाही. बटण गेलं की मावशी त्या घरातून बाहेर. तरी टाचणीचं म्हणणं खरं होतं, आणि खऱ्याला नाही कसं म्हणायचं? मी डब्याची वायर काढली.

पहिले पाच दिवस बेतणी हरिणीसारखी पळाली. सकाळी केलेली दुरुस्ती चहा निवायच्या आत शिंप्यांकडे. प्रश्न नाही, पाटी नाही, थांबणं नाही. सगळे खूश होते. बॉबिनने एका दिवसात सात दुरुस्त्या केल्या आणि स्वतःचीच पाठ थोपटली.

दुकानात मात्र टेबलाखाली शांतता होती. डब्याशेजारचं छपाईयंत्रही गप्प. डबा असताना रोज सकाळी त्यातून एक कागद निघायचा, आदल्या दिवसाच्या दुरुस्त्यांसकट आखलेला, बाहुलीला होईल एवढ्या मापाचा शर्टाचा नमुना, छपाई नीट होते ना हे कळायला. तीही माझीच जुनी सोय.

"आज कागद आला नाही गं," मावशी फोनवर म्हणाली.

"आता येणार नाही. लागतच नाही तो."

"असं," मावशी म्हणाली. दुसऱ्यांदा.

काका सांगत होते, अकराला इस्त्री लावताना तिचा डावा हात अजून टेबलाखाली जातो आणि रिकामा परत येतो. मग ती मशीनवर बसते आणि स्वतःशीच गुणगुणते:

*टाका घालते मी, घालते बाई सावकाश*
*धावऱ्या दोऱ्याला, गाठ बसते हमखास.*

सहाव्या दिवशी, गुरुवारी, दुपारी खडूचा निरोप आला. सगळ्यांना.

"माझ्या टेबलावर बहात्तर डाव्या बाह्या आहेत."

एका गायकवृंदाचे छत्तीस पांढरे शर्ट. कार्यक्रम रविवारी. खडूने बेतणीवर मापं घातली, कापड एकेरी पसरलं, आखल्याप्रमाणे कापत गेला. बाहीला पुढा असतो आणि पाठ असते, दोन्हींचा गोल वेगळा. एका हाताची बाही आखून झाली की बेतणी तिला आरशात धरल्यासारखी फिरवून दुसऱ्या हाताची आखते. तो आरसा बॉबिनने बेतणीच्या जुन्या ओळींची झाडलोट करताना केरात काढला होता. आणि ती झाडलोट तपासून 'ठीक आहे' म्हणणारी कोण, तर मी. तीन मिनिटांत.

अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी दुकानाकडे धावले. घरापेक्षा ते जवळ होतं, आणि खरं सांगायचं तर मला मावशी हवी होती. मावशीच्या कॉम्प्युटरवर सगळे जमले. आठ चौकोनांत आठ पडलेले चेहरे.

"जुनी आवृत्ती परत लावा आधी," टाचणी म्हणाली.

"लावली," मी म्हणाले. "पण कापलेलं कसं परत लावायचं?"

"माझंच डोकं फिरलं होतं," बॉबिन म्हणाला.

"डोकं फिरलं, बाही तेवढी फिरली नाही," खडू रडवेला होऊन म्हणाला. "रविवारी छत्तीस माणसं उजवा हात मागे ओढल्यासारखी उभी राहून गाणार. सांगू काय त्यांना? नवीन चाल आहे म्हणून?"

मावशी माझ्या मागे उभी होती. तोंडात टाचण्या. तिने त्या एकेक करून मनगटावरच्या गादीत खोचल्या.

"कापड कुठलं, विचार."

"पॉपलिन," खडू म्हणाला. "साधं, पांढरं."

"शिवलंय की नुसतं कापलंय?"

"नुसतं कापलंय, मावशी."

"मग रडतोस कशाला? पॉपलिनला दोन्ही अंगं सारखी. छत्तीस बाह्या पालथ्या कर. झाल्या उजव्या."

पडद्यावर खडूने एक बाही उचलली, पालथी केली, दुसरीशेजारी ठेवली. डावा आणि उजवा. अगदी जोडीने जन्मल्यासारख्या.

आधी काका हसले. मग खडू. मग सगळेच असे हसले की मावशीने आवाज कमी करायला लावला.

"बावीस वर्षं शिवतोय मी," खडू डोळे पुसत म्हणाला, "आणि मला हे सुचू नये?"

"घाबरलं की हात विसरतो. पाणी पी."

टाचणी मात्र हसली नव्हती. ती म्हणाली, "मला एक सांगा. अशी चूक अकरा वर्षांत एकदाही बाहेर का गेली नाही? आपण काही एवढे हुशार नाही."

"स्वतःपुरतं बोला," बॉबिन पुटपुटला.

"दोरा, जुन्या डब्यातल्या नोंदी मला पाठव. पहिल्या दिवसापासूनच्या."

मी डबा पुन्हा लावला. तो गुणगुणू लागला तेव्हा मावशीने नुसतं खाली बघितलं, घरचं मूल गावाहून परत आल्यावर बघतात तसं.

शनिवारी दुपारी हात वर करायची वेळ आली. या खेपेला पडद्यावर सगळेच्या सगळे होते. मी टेबलाशी बसले होते, मावशी पाठीमागे एका पँटची घडी बसवत होती, काका काजं करत होते. टाचणीने कागद पुढे धरला.

"निकालाआधी एक वाचते. डब्याने आजवर तीन हजारांच्या वर सकाळी विचारलंय, कालचं काम पुढे पाठवू? उत्तर बहुतेक वेळा 'हो'. पण दोनशे चौदा वेळा 'नाही'."

"बटण अडकत असेल," कुणीतरी म्हणालं.

"मलाही तसंच वाटलं. म्हणून मी दोन दिवस खर्चून ते दोनशे चौदा दिवस एकेक करून तपासले. आपण ज्यांना 'डबा रुसला' म्हणतो, तेच ते दिवस. आणि त्या प्रत्येक दिवशी आदल्या दिवशीच्या कामात चूक होती. प्रत्येक दिवशी. कधी खिसा तिरका, कधी काज बटणाच्या खाली. रुसव्यात इतका नेम नसतो. दोरा, हे 'नाही' तू दाबायचीस?"

"मी अकराला ऑफिसात असते," मी म्हणाले. आणि सावकाश मागे वळले.

मावशीने इस्त्री उभी ठेवली.

"सांग आता," काका कोपऱ्यातून म्हणाले. "सात वर्षं हे पोटात ठेवून माझं पोट केवढं झालंय बघ."

"काय सात वर्षं?" मी विचारलं.

मावशीने पदराने कपाळ टिपलं. "वायर बदलली. सात वर्षांपूर्वी. वायरमन येऊन नवी टाकून गेला."

"म्हणजे इस्त्री आणि डबा..."

"एकदम चालतात. दोन इस्त्र्या लावल्यास तरी चालतील."

पडद्यावर तीस तोंडं उघडी.

मावशी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला गेली. तिथला सगळ्यात खालचा खण कधी कुणी उघडत नसे, मला वाटायचं जुने नमुने असतील. तिने तो ओढला. आत हातभर उंचीचा एक लाकडी पुतळा होता, खांद्याजवळ टाचण्यांनी भोकाभोकांचा झालेला. आणि त्याच्याभोवती शर्ट. वितीएवढे. चिंध्यांचे, चौकड्यांचे, फुलांचे, पट्ट्यापट्ट्यांचे. पाखरांनी भरलेलं झाड कुणी घडी करून ठेवावं, तसा तो खण होता. प्रत्येकाच्या आत शिवणाच्या खडूने घातलेली तारीख.

"सकाळी तो कागद यायचा ना," मावशी म्हणाली. "बाहुलीच्या मापाचा. फेकवेना. म्हटलं बेतून तर बघू. पहिली चार वर्षं फ्यूजमुळे वेळ मिळायचा, तेवढ्यात कच्ची शिलाई मारून या ठेंगूला घालून बघायचे. नीट बसला तर हो. मुंढ्यात, म्हणजे काखेच्या गोलात, धरला तर नाही. मग वायर बदलली. आता डबा बंद करायला कारण काय सांगू? म्हटलं, इस्त्रीचंच चालू दे."

मला ते फोन आठवले. साडेअकराचे, पावणेबाराचे. अगं, आज बाही काखेत धरतेय. अगं, कॉलर मान वाकडी करतेय. मी ते एका गिऱ्हाइकाचं गाऱ्हाणं म्हणून सगळ्यांना कळवायचे, कुणीतरी दुरुस्त करायचं. त्याच दिवशी डबा रुसलेला असायचा, आणि अकरा वर्षांत मला या दोन गोष्टी एकमेकींना शिवता आल्या नव्हत्या. माझ्यासारखी शहाणी मीच.

"पण मावशी, सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही शिकलेली माणसं. तुमच्या कामात एका शिवणारणीने नाक खुपसलं, तर रागावाल की नाही? इस्त्रीवर कोण रागावतं?" तिने शर्ट गोळा करायला घेतले. "खोटं बोलले ते खरंच. डबा न्यायचा तर न्या. मी काही म्हणणार नाही."

तेवढ्यात टाचणीचा आवाज आला.

"मावशी, तो निळ्या चौकड्याचा जरा वर धरता?"

मावशीने धरला. "हा? हा कॉलरवाला. चार वर्षं झाली. बघ, एक कान वर, एक कान खाली."

"ती माझी कॉलर," टाचणी म्हणाली. आणि हसली. तिला हसताना आमच्यातल्या कुणीच ऐकलं नव्हतं. पत्र्यावर मणी सांडावेत तसं ती हसली, आणि थांबेचना. "तीन आठवडे मी सगळ्यांना सांगत फिरले होते, माझी कॉलर बघा म्हणून!"

मग सभा सभा राहिली नाही. "माझं काही आहे का?" "मावशी, तो पिवळा दाखवा." "अरे, खिसा पाठीवर! हा बॉबिनचाच." "लांब हाताच्या माणसाला पोचेल तो," मावशी म्हणाली, "अर्धी चूक कापडाची होती, पोराला बोलू नका." एकेक शर्ट वर येत होता आणि एकेक जण आपली चूक ओळखून, जत्रेत हरवलेलं भावंड सापडावं तसा ओरडत होता. अर्धा तास झाला. घडी बसवायची राहिलेली पँट तशीच पडली होती.

शेवटी टाचणीने डोळे पुसले. "मी माझं मागचं पत्र परत घेते. नवं मांडते. बेतणी तीन ठिकाणी ठेवू. कंपनीकडे, खडूच्या वाचनालयात आणि या टेबलाखाली. एक पडलं तर दोन उभी. दिवसभर कुणालाही काम करता येईल, काही बंद पडणार नाही. पण मावशीने ठेंगूला घालून बघून 'हो' म्हटल्याशिवाय शिंप्यांकडे एक टाकाही जायचा नाही. यंत्र कुठे ठेवायचं यावर आपण दीडशे पत्रं लिहिली, आणि 'नाही' कोण म्हणतंय हे कुणी विचारलंच नाही."

"माझी एक अट," मावशी म्हणाली.

तिने खण आत ढकलला.

"मी एकटी नको. मला ताप आला तर जगभरच्या बाह्या अडकायच्या. ती बाई म्हणाली ते खरंच आहे. आणखी दोन शिंपी हवेत. एक हा खडू घ्या. त्याला आता बाहीचं कळतं."

"आता कळतं!" खडू ओरडला.

हात वर गेले. एकच हात खाली राहिला, बॉबिनचा, कारण त्याच्या दोन्ही हातांत मांजर होतं. त्याने मांजरच वर केलं.

"मावशीला नाव द्यायला हवं," तो म्हणाला. "शिवणाच्या डब्यातलं."

"मला मावशी पुरे," मावशी म्हणाली. "नाव या काकांना ठेवा. तीन भोकं."

ते नाव अजून आहे.

सोमवारी मी रजा काढली. अकरा वर्षांत पहिल्यांदा अकरा वाजता दुकानात होते. उन्हाची एक पट्टी टेबलावर मोजपट्टीसारखी पसरली होती. छपाईयंत्रातून कागद निघाला. मावशीने तो कातरला, टोपलीतून एक हिरवी चिंधी घेतली, बेतली, मशीनवर धावती शिलाई मारली, ठेंगूच्या अंगात घातली. पंधरा मिनिटं. मग दोन बोटांनी मुंढ्याखाली चाचपलं. पुन्हा चाचपलं. ओठ बाजूला गेले.

तिने 'नाही' दाबलं.

"कुणाचं आहे गं हे?"

मी बघितलं. "टाचणीचं."

"मग तिला कळव. काखेत धरतंय. अर्धा इंच सोड म्हणावं, आणि वाईट वाटून घेऊ नकोस म्हणावं."

मी लिहिलं. मिनिटाभरात उत्तर आलं, एवढंच: "दोनशे पंधरा! माझा शर्ट कुठल्या रंगाचा आहे?"

"हिरवा," मावशीने सांगितलं. तिने आत खडूने तारीख घातली, शर्ट खणात ठेवला, आणि तापत आलेली इस्त्री माझ्या हातात दिली.

"आता आलीच आहेस तर ती पँट राहिलीय शनिवारची. कर."